‘मला स्वतःला’पासून ‘मायसेल्फ’पर्यंत: मोडलनंतर रिफ्लेक्झिव्ह कसं वापरायचं

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात एक नर्स येत असत. परदेशात नोकरीसाठी जायची त्यांची तयारी चालली होती, म्हणून आम्ही रुग्णाशी बोलायचा सराव करत होतो. समोरच्या खुर्चीत बसलेला मुलगा म्हणजे सत्तरीचे आजोबा, असं ठरलं. नर्सताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘सर, यू मस्ट टेक केअर ऑफ युवरसेल्व्ज.’ मी सांगितलं, ‘युवरसेल्फ म्हणा.’ त्या थबकल्या. ‘मॅडम, एवढ्या वयाच्या माणसाला एकेरीत कसं बोलू?’

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे देणार आहे, कारण या सगळ्या विषयाचा गाभाच त्यात आहे. मराठी माणूस मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ ही रिफ्लेक्झिव्ह, म्हणजे करणाऱ्याकडेच परत वळणारी, सर्वनामं वापरताना अडखळतो तो बहुतेक वेळा आपली मराठी पक्की असल्यामुळे. मराठीचे नियम अंगात इतके मुरलेले असतात की इंग्रजी वाक्यातही ते आपसूक उतरतात. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी मी मराठी वाक्यापासून सुरू केली आहे. इंग्रजी वाक्यं वाचाल तेव्हा ती मोठ्यानं म्हणा. ही गोष्ट डोळ्यांपेक्षा जिभेला लवकर कळते.

पहिली पायरी: करणारा कोण, ते आधी शोधा

मोडल म्हणजे मुख्य क्रियापदाला शक्यता, सक्ती, विनंती असा अर्थ जोडणारी कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही नऊ सहायक क्रियापदं. यांच्यानंतर मुख्य क्रियापद मूळ रूपात येतं, मध्ये ‘टु’ येत नाही. ‘आय मस्ट टु प्रिपेअर’ चूक, ‘आय मस्ट प्रिपेअर’ बरोबर. ऑट टु, हॅव टु, नीड टु यांचा ‘टु’ त्यांच्यासोबतच येतो, त्यामुळे तिथे तो हवाच.

वाक्याचा साचा असा: करणारा, मग मोडल, मग मुख्य क्रियापद, मग सेल्फवालं सर्वनाम.

‘आय मस्ट कंट्रोल मायसेल्फ.’
‘शी कॅन डिफेंड हरसेल्फ.’
‘दे शुड प्रिपेअर देमसेल्व्ज.’

इथवर कुणालाच अडचण येत नाही. अडचण येते ती मनात मराठी वाक्य तयार झाल्यावर. ही पाच वाक्यं पाहा:

मी स्वतःला सावरू शकते.
मला स्वतःला सावरता येतं.
मी स्वतःला सावरलं पाहिजे.
मला स्वतःला सावरावं लागेल.
माझ्याच्यानं स्वतःला सावरवत नाही.

पाचही वाक्यांत सावरणारी व्यक्ती एकच, पण कधी ती ‘मी’ आहे, कधी ‘मला’, कधी ‘माझ्याच्यानं’. मराठीत शक्यता, सक्ती, कर्तव्य असं काही सांगायचं झालं की करणाऱ्याचं रूप बदलतं. इंग्रजीत ते बदलत नाही. पाचही ठिकाणी वाक्य ‘आय’नंच सुरू होतं: आय कॅन, आय मस्ट, आय विल हॅव टु, आय कान्ट. मराठीत करणाऱ्याचं रूप जे काम करतं, ते इंग्रजीत मोडल करतं.

म्हणून बोलायच्या आधी एक क्षण थांबा आणि स्वतःला विचारा, ‘मला’ असो वा ‘माझ्याच्यानं’ असो, काम करणारं कोण? ‘तिला स्वतःची ओळख करून देता आली पाहिजे’ या वाक्यात ओळख करून देणारी ती आहे, म्हणून ‘शी’. एकदा ‘शी’ सापडली की ‘हरसेल्फ’ तिच्या मागोमाग येतंच: ‘शी शुड बी एबल टु इन्ट्रोड्यूस हरसेल्फ.’

नवख्यांना आणखी एक गोष्ट फसवते. इंग्रजीतल्या ‘मी’चा उच्चार आपल्या ‘मी’सारखाच आहे, पण अर्थ आहे ‘मला’. त्यामुळे मनात ‘मी’नं सुरू झालेलं वाक्य तोंडून तसंच बाहेर पडू पाहतं. इंग्रजी वाक्यात करणारा म्हणून ‘आय’च येणार, हे सुरुवातीचे काही दिवस मुद्दाम घोकावं लागतं.

दुसरी पायरी: डोकी मोजा

मराठीतलं ‘स्वतः’ फार सोयीचं आहे. मी स्वतः, तू स्वतः, ती स्वतः, आम्ही स्वतः, सगळीकडे एकच शब्द. संस्कृतातलं हे अव्यय आपण उचललं, त्याला ला, ची, शी असे प्रत्यय जोडले आणि काम भागवलं. इंग्रजीत मात्र आठ रूपं आहेत. एकवचनात मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ. अनेकवचनात आवरसेल्व्ज, युवरसेल्व्ज, देमसेल्व्ज. ‘कोणीही माणूस’ अशा अर्थी ‘वन’ वापरलं तर नववं रूप, वनसेल्फ. शेल्फचं शेल्व्ज होतं तसंच सेल्फचं सेल्व्ज. लिहिताना हा एकच शब्द असतो, ‘माय’ आणि ‘सेल्फ’ वेगळे लिहायचे नाहीत. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ ही रूपं इंग्रजीच्या काही बोलींत ऐकू येतात, पण प्रमाण इंग्रजीत चालत नाहीत. परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत ती टाळा.

आता नर्सताईंचा प्रश्न.

मराठीत आदर दाखवायचा तर आपण अनेकवचन वापरतो. बाबा ‘आले’, सर ‘म्हणाले’, आजोबा, ‘तुम्ही’ बसा. माणूस एकच, क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीतलं सेल्फ आदर ओळखत नाही, ते फक्त डोकी मोजतं. समोर एक माणूस असेल, मग तो शेजारचा पोरगा असो की जिल्हाधिकारी, युवरसेल्फच. दोन असतील तर युवरसेल्व्ज. ‘आजोबांनी स्वतःला जपलं पाहिजे’ याचं ‘ग्रँडफादर मस्ट लुक आफ्टर हिमसेल्फ’ होतं. तिथे ‘देमसेल्व्ज’ म्हटलं तर ऐकणारा दुसरे आजोबा शोधायला लागेल.

‘आपण’ हा शब्द तर दोन्हीकडून फसवतो. कार्यक्रमात पाहुण्यांना म्हणतो, ‘आपण आपली ओळख करून द्यावी.’ इथे आपण म्हणजे एकटे पाहुणे, म्हणून युवरसेल्फ. ‘आपण सगळ्यांनी आपली ओळख करून देऊ या’ यातलं आपण म्हणजे आम्ही आणि तुम्ही मिळून, म्हणून आवरसेल्व्ज. शब्द तोच, डोकी वेगळी.

मग आदर जातो कुठे? तो मोडलमध्ये जातो. नर्सताईंना मी हेच सांगितलं. ‘यू मस्ट टेक केअर ऑफ युवरसेल्फ’ यातला मस्ट हुकूम वाटतो. त्याच्या जागी ‘यू शुड’ म्हटलं की सल्ला होतो. ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’ म्हटलं की विनंती होते. ‘सर, कुड यू टर्न युवरसेल्फ टुवर्ड्स मी?’ या वाक्यात ‘थोडं माझ्याकडे वळता का?’ मधला सगळा मऊपणा आहे, आणि तो ‘कुड’मध्ये आहे. ‘मे आय इन्ट्रोड्यूस मायसेल्फ?’ हे ‘कॅन आय’पेक्षा अदबीचं, तेही ‘मे’मुळेच.

हे कळल्यावर त्या ताईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी ‘शुड’ वापरून आणि आवाज खाली आणून. खुर्चीतल्या ‘आजोबां’नी मान डोलावली. मराठीत ‘तुम्ही’ जे करतं ते इंग्रजीत कुड, वुड, मे करतात, एवढं मनात ठेवलं की युवरसेल्फ म्हणताना जीभ अडत नाही.

तिसरी पायरी: क्रियापदाला सेल्फ हवंय का?

माझ्या मते ही सर्वांत अवघड पायरी आहे, कारण इथे मराठी काहीच इशारा देत नाही.

लहान मूल सुरी घेऊन खेळतंय. आपण ओरडतो, ‘अरे, लागेल!’ गरम तव्याकडे हात गेला तर, ‘भाजेल!’ या वाक्यांत करणारा नाही, ‘स्वतः’ नाही, काहीच नाही. इंग्रजीत मात्र सगळं सांगावं लागतं: ‘यू माइट हर्ट युवरसेल्फ.’ ‘यू कुड बर्न युवरसेल्फ.’ हर्ट, बर्न, कट या क्रियापदांना ‘कुणाला?’ या प्रश्नाचं उत्तर लागतं, आणि इथे ते उत्तर म्हणजे तोच माणूस. ‘तिला लागलं असेल’ याचं ‘शी माइट हॅव हर्ट हरसेल्फ’ होतं. मराठीत जिथे लागणं, भाजणं, कापणं आपोआप घडतं, तिथे इंग्रजी विचारतं की कुणी कुणाला केलं.

तसंच एन्जॉयचं. ‘उद्या सहलीत आपण खूप मजा करू’ याचं आपल्याकडे सर्रास ‘वी विल एन्जॉय अ लॉट’ असं होतं. भारतात ते सगळ्यांना समजतं. पण प्रमाण इंग्रजीत एन्जॉयला कर्म लागतं: एकतर कशाची मजा घेतली ते सांगा, ‘वी विल एन्जॉय द ट्रिप’, नाहीतर ‘वी विल एन्जॉय आवरसेल्व्ज’ म्हणा. अव्हेलचंही असंच. आपल्या कार्यालयांत ‘अव्हेल लीव्ह’ लिहितात, पण पुस्तकी घडण आहे ‘यू मे अव्हेल युवरसेल्फ ऑफ धिस फॅसिलिटी’. जरा जडच वाक्य आहे. बोलताना सरळ ‘यू कॅन यूज’ म्हटलेलं मला जास्त आवडतं.

उलट बाजूला अशी क्रियापदं आहेत ज्यांच्यामागे सेल्फ लावायची आपल्याला उगाच हुक्की येते. कॉन्सन्ट्रेट, रिलॅक्स, हरी, गेट अप, सिट डाउन यांना सेल्फ लागत नाही. ‘यू मस्ट कॉन्सन्ट्रेट युवरसेल्फ’ नाही, नुसतं ‘यू मस्ट कॉन्सन्ट्रेट’. तब्येतीबद्दल बोलताना ‘यू विल फील बेटर’, ‘फील युवरसेल्फ बेटर’ नाही.

वॉश, शेव्ह आणि ड्रेस या तीन क्रियापदांपाशी थोडं थांबायला हवं. रोजच्या आंघोळ-कपड्यांबद्दल बोलताना यांना सेल्फ लागत नाही: ‘आय मस्ट वॉश अँड ड्रेस बिफोर सेव्हन.’ पण करता येणं हीच जिथे मोठी गोष्ट असते, तिथे सेल्फ परत येतं. तीन वर्षांची मुलगी पहिल्यांदा फ्रॉकची बटणं लावते, आई आनंदानं सांगते, ‘शी कॅन ड्रेस हरसेल्फ नाउ!’ ऑपरेशननंतर रुग्ण हळूहळू सावरतो, तेव्हा नर्स नोंद करते, ‘ही कॅन वॉश हिमसेल्फ.’ इथे ‘कॅन’ आणि ‘हिमसेल्फ’ मिळून सांगतात की आता कुणाच्या आधाराची गरज उरली नाही. तुमच्या-माझ्या आंघोळीला हिमसेल्फ लागत नाही, पण त्या रुग्णाच्या आंघोळीला लागतं. नर्सताईंना हा फरक एका झटक्यात कळला, कारण त्या रोज तो डोळ्यांनी पाहत होत्या.

चौथी पायरी: ‘स्वतः’ कोणतं आहे ते ओळखा

मराठीतलं ‘स्वतः’ दोन कामं करतं. ‘त्यानं स्वतःला आरशात पाहिलं’ यात ते कर्म आहे: पाहणारा तो, दिसणाराही तोच. ‘तो स्वतः येईल’ यात ते फक्त जोर देतं: दुसरा कुणी नाही, तोच येईल. इंग्रजीतही हिमसेल्फ ही दोन्ही कामं करतं. पुस्तकात पहिल्याला रिफ्लेक्झिव्ह म्हणतात, दुसऱ्याला एम्फॅटिक. इतिहास पाहिला तर इंग्रजीत ‘सेल्फ’ आधी जोर देण्यापुरतंच होतं. जुन्या इंग्रजीत नुसतं ‘हिम’ म्हटलं तरी ‘त्याला’ आणि ‘स्वतःला’ असे दोन्ही अर्थ निघत. पुढे घोटाळा टाळायला ‘हिम’च्या मागे ‘सेल्फ’ चिकटलं ते कायमचंच.

ओळखायची खूण सोपी आहे. तो शब्द काढून टाका. वाक्य उभं राहिलं तर सहसा तो जोर देणारा, कोसळलं तर रिफ्लेक्झिव्ह. (वर पाहिलेल्या वॉश, शेव्ह, ड्रेस यांना मात्र ही खूण लावू नका.) ‘आय विल कुक मायसेल्फ’ यातून मायसेल्फ काढलं तर ‘आय विल कुक’ उरतं, म्हणजे तो जोर. ‘आय विल इन्ट्रोड्यूस मायसेल्फ’ यातून काढलं तर ‘आय विल इन्ट्रोड्यूस’ असं अर्धवट लटकतं. कुणाची ओळख? म्हणजे तो रिफ्लेक्झिव्ह.

दुसरी खूण कानाची. जोर देताना इंग्रजी माणूस ‘सेल्फ’वर आघात करतो: आय विल डू इट माय-सेल्फ. आपण ‘मी स्वतःच करीन’ मधल्या ‘च’वर करतो तसाच. रिफ्लेक्झिव्हमध्ये सहसा आघात क्रियापदावर असतो आणि मायसेल्फ हळूच निघून जातं.

हा फरक कळणं गरजेचं आहे, कारण दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. रिफ्लेक्झिव्ह मुख्य क्रियापदानंतरच येतं, मोडलला चिकटून कधीही नाही. ‘शी मस्ट हरसेल्फ इन्ट्रोड्यूस’ म्हणजे ‘तिनं स्वतःची ओळख करून दिली पाहिजे’च्या क्रमानं रचलेलं वाक्य, इंग्रजीत ते बसत नाही. जोर देणाऱ्या सेल्फला मात्र तीन जागा मोकळ्या आहेत. कर्त्याला लागून: ‘द प्रिन्सिपल हिमसेल्फ विल गिव्ह द प्राइझेस.’ मोडलनंतर लगेच: ‘द प्रिन्सिपल विल हिमसेल्फ गिव्ह द प्राइझेस.’ वाक्याच्या शेवटी: ‘द प्रिन्सिपल विल गिव्ह द प्राइझेस हिमसेल्फ.’ पहिल्या दोन जागा भाषणाला आणि छापील मजकुराला शोभतात, शेवटची जागा रोजच्या बोलण्यातली. तुम्ही नवे असाल तर सध्या शेवटचीच वापरा, ती कुठेही खटकत नाही.

मराठी बाजूनं इथे एक बारीक फसवणूक आहे. प्रत्यय लागला की रिफ्लेक्झिव्ह, असा सरळ हिशेब करावासा वाटतो, कारण ‘स्वतःला’, ‘स्वतःशी’, ‘स्वतःवर’ ही कर्माची किंवा संबंधाची रूपं आहेत. पण ‘मला स्वतःला जावं लागेल’ हे वाक्य पाहा. ‘स्वतःला’ आहे, तरी इथे कुणी कुणाला काही करत नाही. शेजारच्या ‘मला’चा ‘ला’ त्याला लागला आहे, एवढंच. अर्थ आहे ‘मीच जायला हवं’. म्हणून ‘आय विल हॅव टु गो मायसेल्फ’. काढून पाहा: ‘मला जावं लागेल’, वाक्य नीट उभं राहतं. शंका आली की प्रत्ययाकडे बघत बसू नका, शब्द काढून पाहा.

‘बाय’ लावलं की अर्थ आणखी सरकतो. ‘आय कॅन लिव्ह बाय मायसेल्फ’ म्हणजे एकटी राहू शकते. ‘शी कॅन सॉल्व्ह इट बाय हरसेल्फ’ म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय. वस्तूंच्या बाबतीत हेच आपलं ‘आपोआप’: ‘द डोअर मे क्लोज बाय इटसेल्फ.’

‘स्वतःचं’ म्हणजे ओन

याला वेगळी पायरी म्हणावी इतकं काही नाही, पण चूक रोज होते म्हणून सांगते. मायसेल्फला आपल्यासारखा चा, ची, चे लावता येत नाही. ‘स्वतःचं घर’ म्हणजे ‘माय ओन हाऊस’, ‘स्वतःची बाटली आणा’ म्हणजे ‘यू शुड ब्रिंग युवर ओन बॉटल’. ‘आय मस्ट बाय मायसेल्फ अ हाऊस’ असंही म्हणता येतं (हा ‘बाय’ म्हणजे विकत घेणं), पण त्याचा अर्थ ‘मला माझ्यासाठी एक घर घ्यायला हवं’ असा होतो.

आणि ‘सोबत’साठी सेल्फ नको. ‘छत्री बरोबर घेऊन जा’ याचं ‘यू शुड टेक ॲन अम्ब्रेला विथ यू’, ‘विथ युवरसेल्फ’ नाही. बरोबर, मागे, पुढे, शेजारी अशी जागा सांगताना साधं यू, हिम, हर पुरतं.

पाचवी पायरी: दोन माणसं, दोन वाक्यं

इथे मात्र मराठी तुमच्या मदतीला धावून येते, म्हणून ही पायरी शिकवताना मला नेहमी आनंद होतो. ही दोन वाक्यं वाचा:

रमेश म्हणाला की सुरेशनं स्वतःला सावरायला हवं.
रमेश म्हणाला की सुरेशनं आपल्याला सावरायला हवं.

पहिल्यात कोणाला सावरायचंय? सुरेशला. दुसऱ्यात? रमेशला. (दुसऱ्याचा ‘आपल्या सगळ्यांना’ असाही अर्थ निघू शकतो, तो तूर्त बाजूला ठेवू.) हे तुम्हाला कुणीही शिकवलेलं नाही, तरी कळलं. ‘स्वतः’ आपल्याच छोट्या वाक्यातल्या कर्त्याशी बांधलेलं राहतं, ‘आपण’ कुंपण ओलांडून बाहेरच्या वाक्यातल्या कर्त्यापर्यंत पोचतं.

इंग्रजी सेल्फ या बाबतीत अगदी ‘स्वतः’सारखं आहे. ते आपल्या मोडलच्या कर्त्यापलीकडे जात नाही. म्हणून पहिलं वाक्य ‘रमेश सेड दॅट सुरेश शुड कंट्रोल हिमसेल्फ’, आणि दुसऱ्यात हिमसेल्फ चालणारच नाही, तिथे ‘रमेश सेड दॅट सुरेश शुड सपोर्ट हिम’. आपल्याला, आपल्याशी, आपल्यावर असं मनात आलं आणि बोट बाहेरच्या माणसाकडे जात असेल, तर सेल्फ घालू नका.

मोडलशिवायही हेच. ‘आईनं मला स्वतःची काळजी घ्यायला सांगितलं’, काळजी घेणारी मी, म्हणून ‘मदर टोल्ड मी टु लुक आफ्टर मायसेल्फ’. सांगणारी आई असली तरी हरसेल्फ नाही.

आणि ‘एकमेकांना’ हवं असेल तर सेल्फ नकोच. ‘दे मस्ट हेल्प देमसेल्व्ज’ म्हणजे प्रत्येकानं आपापलं पाहावं. ‘दे मस्ट हेल्प ईच अदर’ म्हणजे एकमेकांना हात द्यावा. बैठकीत यांची अदलाबदल झाली तर अर्थ पार उलटतो.

प्रश्न, नकार आणि ‘हॅव’

हे झटपट सांगते. प्रश्नात मोडल पुढे जातं, सेल्फ मागेच राहतं: ‘कॅन शी फीड हरसेल्फ?’ नकारात नॉट मोडलला चिकटतं: ‘यू शुडन्ट ब्लेम युवरसेल्फ.’ झालेल्या गोष्टीबद्दल बोलताना हॅव येतं आणि सेल्फ त्याच्याही पलीकडे, क्रियापदाच्या तिसऱ्या रूपानंतर: ‘ही कुड हॅव प्रिपेअर्ड हिमसेल्फ बेटर.’ काहीही झालं तरी रिफ्लेक्झिव्ह सेल्फ मुख्य क्रियापदाच्या नंतरच.

मोडलसोबत जोडीनं येणारे काही प्रयोग

काही वाक्यं इतकी रूढ आहेत की ती अख्खीच उचलावीत. गंमत म्हणजे यांतल्या बऱ्याच वाक्यांना मराठीत शक्य क्रियापदाची जोडी आहे. ‘चालवतं’, ‘बोलवत नाही’, ‘राहवेना’ अशी जी रूपं शाळेत शिकलो, तीच.

‘मला विचारवेना’, धीरच होईना, याला ‘आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टु आस्क’. मन स्वतःला ओढत तिथवर नेतं, पण शेवटचं पाऊल पडत नाही, हे ‘ब्रिंग मायसेल्फ’मध्ये छान उतरतं.

‘माझ्यानं राहवलं नाही, आणखी एक मोदक घेतलाच’ याला ‘आय कुडन्ट हेल्प मायसेल्फ’. पण ‘मला हसू आवरलं नाही’ याला ‘आय कुडन्ट हेल्प लाफिंग’, तिथे मायसेल्फ येत नाही. पुढे क्रिया सांगितली की सेल्फ निघून जातं.

‘माझं म्हणणं त्यांना समजावता येईना’ याला ‘आय कुडन्ट मेक मायसेल्फ अंडरस्टुड’. गर्दीत आवाज पोचत नसेल तर ‘मेक मायसेल्फ हर्ड’. परक्या शहरात नव्यानं राहायला गेलेल्यांना ही दोन वाक्यं फार लागतात.

पाहुणचारात ‘यू कॅन हेल्प युवरसेल्फ टु सम टी’. मदतीचा इथे काही संबंध नाही. ‘चहा तुमच्या हातानं घ्या, संकोच करू नका’ असा अर्थ. पहिल्यांदा ऐकताना अनेकांना वाटतं की यजमान अंग काढून घेतोय. तसं काही नाही, तो तुम्हाला घरचं मानतोय.

आणि रागावून, ‘यू शुड बी अशेम्ड ऑफ युवरसेल्फ.’ लाज वाटायला हवी तुला.

‘मायसेल्फ अमुक’ का नको

मुलाखतीला बसलेली कितीतरी मुलं ‘मायसेल्फ’ म्हणून लगेच आपलं नाव सांगतात. मला त्यांच्याबद्दल कळवळा वाटतो, कारण त्यांना असं बोलायला आजूबाजूच्या सगळ्यांनीच शिकवलेलं असतं. पण सेल्फ एकटं वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही, त्याला आधी ‘आय’ लागतो. ‘आय ॲम’ म्हणून नाव सांगा, बस. थोडं औपचारिक हवं असेल तर ‘मे आय इन्ट्रोड्यूस मायसेल्फ?’ म्हणा आणि मग नाव सांगा. त्या वाक्यात मायसेल्फ त्याच्या हक्काच्या जागी आहे.

कार्यालयातल्या ई-मेलमध्ये याच चुकीचं दुसरं रूप दिसतं: ‘यू मे कॉन्टॅक्ट मायसेल्फ.’ लिहिणाऱ्याला ‘मी’ फार साधं वाटतं, मायसेल्फ जास्त सभ्य वाटतं. पण इथे संपर्क करणारे ‘यू’ आहेत, ‘आय’ वाक्यात कुठेच नाही. म्हणून ‘यू मे कॉन्टॅक्ट मी.’ सभ्यपणा ‘मे’नं आधीच दाखवला आहे.

आता तुमची पाळी

ही वाक्यं आधी स्वतः करून पाहा, मग उत्तरं वाचा.

एक: पायऱ्या ओल्या आहेत, घसरून लागेल तुम्हाला. (समोर एकटे काका आहेत.)
दोन: तिला स्वतःला येता येणार नाही, पण ती भावाला पाठवेल.
तीन: मुलांनो, तुम्ही स्वतःची खोली स्वतः आवरली पाहिजे.
चार: साहेब म्हणाले की मी त्यांना कळवायला हवं.

पहिल्यात मराठीत ‘स्वतः’ नाही, तरी हर्टला ते हवं. काका एकटे, म्हणून ‘यू माइट स्लिप अँड हर्ट युवरसेल्फ.’

दुसऱ्यात ‘तिला स्वतःला’ हा नुसता जोर आहे: ‘शी वोन्ट बी एबल टु कम हरसेल्फ, बट शी विल सेंड हर ब्रदर.’

तिसऱ्यात दोन ‘स्वतः’. पहिलं ‘स्वतःची’ म्हणजे ओन, दुसरं जोराचं, आणि मुलं अनेक: ‘चिल्ड्रन, यू मस्ट क्लीन युवर ओन रूम युवरसेल्व्ज.’

चौथ्यात ‘साहेब म्हणाले’ आणि ‘त्यांना’ आदरार्थी अनेकवचनात आहेत, पण माणूस एक. कळवणारी मी आहे, साहेब कुंपणाबाहेर आहेत, त्यामुळे सेल्फ नाही आणि ‘देम’ही नाही: ‘सर सेड दॅट आय शुड इन्फॉर्म हिम.’